बाळंतिणीच्या घरची सेवा
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंतील भाषण)



ज्युबिलीच्या या दिवसांत देवळाच्या बांधणीची आणि पूर्वीच्या धर्मगुरूंची आठवण पुष्कळांनीं काढिली, तें योग्यच झालें. आम्हांस आज ज्या सेवेविषयीं बोलावयाचें आहे, तिची कोनशिला कोठेंच नाहीं. तान्ह्या मुलांच्या घरीं जाऊन मातेस आधार देणाऱ्या स्त्रियांची ही सेवा होय.

जन्मानंतरचे पहिले अठ्ठावीस दिवस बाळाच्या जिवास सर्वांत धोक्याचे असतात आणि त्यांपैकीं बहुतेक दिवस तें घरींच असतें. बाळ दूध ओढीनासें झालें, अंग गार पडलें, श्वास जलद चालूं लागला, तर तें ओळखणारें जाणतें माणूस घरांत यावयास पाहिजे. दवाखाना कितीही चांगला असला तरी तो आपल्या पायांनीं घरीं येत नाहीं.

हें ध्यानीं घेऊन गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनें ३९ गांवांत १९९५ सालीं एक प्रयोग आरंभिला. गांवांतल्याच थोड्याफार शिकलेल्या स्त्रियांस बाळाचें वजन करणें, ताप पाहणें, श्वास मोजणें, ऊब देणें, गुदमरलेल्या बाळास श्वास देणें आणि जंतुदोष झाल्यास औषध देणें शिकविलें. तिसऱ्या वर्षीं, ही योजना नसलेल्या गांवांच्या मानानें, तेथील नवजात बालकांचे मृत्यु शेंकडा ६२ नीं घटले. १९९९ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकांत हा वृत्तांत प्रसिद्ध झाला. २०११ सालीं भारत सरकारनें अशा गृहभेटींचें काम ‘आशा’ सेविकांकडे सोंपविलें. बाळंतपण दवाखान्यांत झालें असेल तर ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशीं मिळून ६ भेटी. घरीं झालें असेल तर पहिल्या दिवशींची १ अधिक. २०१८ पासून तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंत आणखी ५ भेटींची भर पडली.

परंतु केवळ काटा व तापमापक नेल्यानें ही सेवा पुरी होत नाहीं. घर दुसऱ्याचें असतें आणि तेथें आजीचा शब्द चालतो. कोठें बाळास जन्मतांच मध चाटवितात, कोठें पहिला चीक पिळून टाकितात. सेविकेनें येतांच दोष दिला, तर पुढील भेटीस दार उघडणार नाहीं. म्हणून जाणती सेविका आधीं आजीजवळ बसते, तिचीं बाळंतपणें कशीं झालीं तें ऐकते, काट्यावरचा आंकडा तिलाच प्रथम दाखविते आणि मग मध कां नको तें सांगते. मातेस ती विचारते, ‘जेवलीस काय? झोंप लागते काय? रडूं येतें काय?’ बाळंतिणीचें मन खचलें असतां घरचीं माणसें ‘हिला काय कमी आहे?’ असें म्हणतात. तो आजार आहे, लाड नव्हेत, हें जाणणारी बहुधा तीच एक असते. तेथें ऐकिलेलें ती गांवभर करीत नाहीं.

एवढ्या सर्व भेटी पुऱ्या केल्यावर २०११ सालच्या योजनेंत तिला २५० रुपये ठरले. सरकारी कागदांत तिचें नांव ‘स्वयंसेविका’ असें आहे. ज्या कामानें मृत्यु टळतात, त्यास आपण इतकें स्वस्त कां लेखावें? स्त्रियांचें घरांतील काम आपण नेहमीं फुकट धरितों, हेंच त्याचें कारण असें आम्हांस वाटतें.

पवित्र मरिया डोंगराळ प्रदेशांतून एलिझाबेथेच्या घरीं गेली आणि सुमारें तीन महिने राहिली. गर्भवतीच्या घरीं जाऊन राहणें ही लहान गोष्ट नव्हे, हें आपणांस लहानपणापासून ठाऊक आहे.

म्हणून आमची विनंती इतकीच. आपल्या दारीं अशी ताई आली म्हणजे तिला उंबरठ्यावर उभी करून ‘सर्व ठीक आहे’ असें सांगून परत पाठवूं नका, आंत बसवा. ती बाळास दवाखान्यांत न्या म्हणेल तर मुहूर्त वा पैसा पाहत बसूं नका. घरांतील पुरुषांनींही त्या वेळीं जवळ बसून ऐकावें. मूल त्यांचेंही आहे. आणि तिच्या मेहनतान्याचा प्रश्न निघेल तेव्हां तिच्या बाजूनें उभे राहा. आज या देवळांत धांवणाऱ्या मुलांपैकीं कित्येकांचें पहिलें वजन अशाच कोणा ताईच्या काट्यावर झालें असेल.