ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

कार्डाच्या व्यवहारांना रिझर्व्ह बँकेने गेल्या काही वर्षांत एकामागून एक कड्या घातल्या. १ ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन खरेदीला दुसरी खातरजमा सक्तीची झाली. पुढे दुकानातल्या मशीनवर पिन आला, चुंबकीय पट्टीच्या जागी चिप आली, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा नंबर साठवायची मनाई होऊन त्याऐवजी टोकन आले. यातल्या एकाही कडीला माझा विरोध नाही. पण रोजच्या वापरातली कडी, म्हणजे एसएमएसने येणारा ओटीपी, तीन गोष्टी धरून चालते: फोन स्वतःचा आहे, तो हाताशी आहे आणि त्याला रेंज आहे. चंद्रपूर-बल्लारपुरात हे खपून जाते. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड, एटापल्लीच्या आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवतीच्या आडवळणाच्या गावांत मात्र खपत नाही, आणि तिथे सुरक्षेची सोयच माणसाला उघड्यावर पाडते.

प्रवेशाच्या दिवसांत तालुक्याच्या सेवा केंद्रात काय होते ते पाहा. मुलगी फी भरायला बापाचे कार्ड घेऊन येते. केंद्रचालक नंबर टाकतो, ओटीपी सुटतो तो गावातल्या फोनवर. बाप रेंज धरणाऱ्या टेकाडावर पोहोचेपर्यंत मुदत संपलेली असते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो, तेव्हा टेकाडाची गोष्ट सोडाच. मग तोडगा निघतो: बँकेत तालुक्याला राहणाऱ्या नातेवाइकाचा नाहीतर ओळखीच्या दुकानदाराचा नंबर द्यायचा. झाले, घराची किल्ली शेजाऱ्याकडे गेली. आणि पैसे गेलेच, तर रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक सांगते की ग्राहकाने गुप्त माहिती दुसऱ्याला दिली असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान त्याचेच. म्हणजे व्यवस्थेने ज्या गोष्टीला भाग पाडले, तिचाच दोष त्याच्या माथी!

कोणी म्हणेल, जंगलात क्रेडिट कार्ड वापरतो कोण? शिक्षक वापरतात, आरोग्य कर्मचारी वापरतात, कोळसा खाणीतले कामगार वापरतात. शिवाय डेबिट कार्डालाही हीच अट आहे. दुसरा आक्षेप असा की टॉवर उभे राहताहेत, थोडे थांबा. टॉवर हवेतच, पण त्यांनी फोन कोणाचा हा प्रश्न सुटत नाही. आणि भरपूर रेंज असलेल्या शहरांतही फोनवर गोड बोलून ओटीपी काढून घेणारे भामटे काही कमी नाहीत. तिसरा आक्षेप वजनदार आहे: इथे सूट दिली तर चोर इथूनच शिरतील. म्हणूनच मी सूट मागत नाही, दुसरा मार्ग मागतो. रिझर्व्ह बँकेचे २५ सप्टेंबर २०२५ चे निर्देश, ज्यांच्या अंमलासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली, दोन घटकांची अट कायम ठेवतात; पण त्यातला एक एसएमएसच असावा असे म्हणत नाहीत. बोटाचा ठसा चालतो, फोनमधले अ‍ॅप चालते. तरी ठशावर सगळी भिस्त ठेवू नये. वर्षानुवर्षे बांबू तोडणाऱ्या, धानाच्या बांधीत राबणाऱ्या हातांची बोटे झिजतात, आणि मशीन ती ओळखायला नकार देते.

राहता राहिला तो जुनाच मार्ग: चिप आणि पिन. सेवा केंद्रात संगणकावर कार्डाचा नंबर टाकण्याऐवजी कार्ड मशीनमध्ये घालावे आणि पिन कार्डधारकाने स्वतःच्या बोटाने दाबावा. रेंज लागते ती मशीनला, ग्राहकाच्या फोनला नाही. यात बाप स्वतः केंद्रात यायला हवा हे खरे. पण खेप घातली तर काम त्याच दिवशी होते आणि गुपित त्याच्याचपाशी राहते. अडचण मशीनच्या खर्चाची आहे. जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून शुल्क घेता येत नाही, त्यामुळे दुर्गम गावात मशीन ठेवायला बँक अनुत्सुक असणार. लहान गावांत अशी यंत्रे बसवण्यासाठी रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये एक निधी सुरू केला होता. त्याची वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंतच होती. तसा निधी या दोन जिल्ह्यांपुरता तरी पुन्हा उभा करावा, आणि त्यातले पहिले मशीन तालुक्याच्या बाजारपेठेत न ठेवता जिथे फोन लागत नाही त्या गावांच्या सर्वांत जवळच्या केंद्रात ठेवावे, ही मागणी जिल्ह्याच्या अग्रणी बँकेपुढे लेखी मांडायला हवी.