एक रंग, दोन कापडे

श्रोतेहो, आमच्या दारावर एके काळी माझ्या नावाआधी 'डॉ.' लिहिलेली एक पाटी होती. एके दिवशी सकाळी शेजारच्या आळीतील एक आजीबाई नातवाला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "बाई, याचा खोकला काही केल्या हटत नाही." मी औषधे देणारी डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्राची आहे, असे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मग तुम्ही करता तरी काय?" मी बँकेत कर्जाचे अर्ज तपासत होते; पण ते सांगताना माझी जीभ अडखळली. त्याच दिवशी संध्याकाळी मी ती पाटी उतरवली.

डॉक्टरेट मिळाली तेव्हा पुढचा मार्ग आखलेलाच आहे, असे मला वाटले होते. आधी अध्यापन, मग संशोधन, मग विद्यार्थ्यांचे प्रबंध. प्रत्यक्षात तीन वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. उन्हाळा आला की नोकरी संपे, आणि पावसाळ्यात ती पुन्हा मिळेल की नाही याचा भरवसा नसे. चौथ्या वर्षी बँकेची परीक्षा दिली. घरच्यांना आनंद झाला. मला मात्र एकच चुटपुट लागून राहिली. ज्या गुरूंनी माझ्या प्रबंधाचे पान न् पान तीन-तीनदा तपासले, त्यांना आता कोणत्या तोंडाने भेटावे? त्यांच्या घरावरून जाणारा रस्ता मी टाळू लागले. तो मी नऊ वर्षे टाळला.

मध्यंतरी माझी बदली माळव्यात झाली. धार जिल्ह्यातील बाग या गावी ठशांनी कापड छापण्याची जुनी कला आहे. तिथल्या एका छपाई कारागिराचा कर्जाचा अर्ज एक दिवस माझ्या टेबलावर आला. सोबत लागणाऱ्या मालाची यादी होती: हिरडा, तुरटी, चिंचोक्याचे पीठ, धावड्याची फुले, लोखंडाचा कीस, अॅलिझरीन. कर्जाच्या कागदावर ते शेवटचे नाव वाचून मी क्षणभर थांबले. मंजिष्ठेच्या मुळांतला हा रंग जर्मनीत १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान यांनी कृत्रिम रीतीने तयार केला, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवले होते. पण त्या रंगात बुडालेले कापड मी कधी पाहिले नव्हते.

त्या रविवारी स्वयंपाकघरात मंजिष्ठा उकळली. सुती कापडाचा एक तुकडा तुरटीच्या पाण्यातून काढला होता, दुसरा गंजलेल्या खिळ्यांच्या पाण्यातून. दोन्ही एकाच पातेल्यात सोडले. तासाभराने पहिला लाल होऊन निघाला आणि दुसरा काळपट जांभळा. पातेले एक, रंग एक. पण कापडाने आधी जे शोषून घेतले होते, त्याप्रमाणे छटा निराळी. बऱ्याच दिवसांनी मी वही उघडून तारीख घातली.

मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी वळणे पुष्कळ सापडतात. विल्यम पर्किन याने १८५६ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, घरच्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याचा खटाटोप केला आणि हाती जांभळा रंग आला. त्यावर त्याने कारखाना उभारला. आणि १८७४ साली, ऐन छत्तिशीत, तो विकून तो पुन्हा संशोधनाकडे वळला. आपल्याकडे गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते. जुनी नाणी तराजूत तोलून, वापराने ती किती झिजली यावरून त्यांचा काळ ताडण्याच्या उद्योगाला ते लागले. तो उद्योग त्यांना थेट प्राचीन इतिहासापर्यंत घेऊन गेला, आणि १९५६ साली भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. या नावांशेजारी मी माझे पातेले मांडीत नाही. इतकेच म्हणते, की त्यांनी वाट बदलली तेव्हा आधीचे शिक्षण वाटेत टाकून दिले नाही.

"मग या रंगांचा धंदा का करीत नाही?" असे स्नेही विचारतात. नाही करीत. पोट भरण्याचे काम बँक करते आणि ते मी मनापासून करते. रविवारी कापड बिघडले तर कोणाचे देणे राहत नाही, म्हणूनच मी बिनधास्त चुकू शकते. छंदाची शिडी केली की पाय वरच्या पायरीकडे लागतात.

नवव्या वर्षी अखेर वही घेऊन सरांकडे गेले. ते थकले होते. "सर, मी प्राध्यापक नाही झाले," मी म्हटले. "ठाऊक आहे मला," ते म्हणाले आणि हात पुढे केला. चष्मा चढवून त्यांनी एकेक पान, एकेक तुकडा पाहिला. मी वाट पाहत होते ती शाबासकीची किंवा बोलणी खाण्याची. ते म्हणाले, "पाणी कुठले वापरलेस ते लिहिले नाहीस. नळाचे की विहिरीचे? पाण्यात चुना असला तर लाल अधिक खुलतो. पुढच्या वेळी लिहून आण."

पुढच्या वेळी! श्रोतेहो, त्या दोन शब्दांनी नऊ वर्षांचे ओझे उतरले. त्यांच्या लेखी मी विद्यार्थिनीच होते. मध्ये फक्त थोडी जास्त सुट्टी झाली होती.

पाटी मी परत लावली नाही. आता कोणी विचारले, "तुम्ही करता काय?" तर सरळ सांगते: बँकेत काम करते, आणि रविवारी कापड रंगवते. विहिरीच्या पाण्यात.