भारूड : सोंगातून सत्याकडे



शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, पैठणच्या संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. ग्रंथात शिरलेले अपपाठ त्यांनी दूर सारले. याच एकनाथांनी भारुडे रचून माणसांच्या मनांत शिरलेल्या अपपाठांकडे बोट दाखविले.

भारूड हे केवळ वाचावयाचे काव्य नव्हे. सोंग घेऊन, टाळमृदंगाच्या साथीने ते लोकांसमोर उभे करावयाचे असते. जोशी, गोंधळी, वासुदेव, आंधळा, महार अशी गावाच्या ओळखीची माणसे त्यात बोलतात. विंचू चावलेल्याची तडफड पाहून श्रोते हसतात. तो विंचू म्हणजे आपलेच कामक्रोध, हे उमगले की हसू ओसरते. हिंदू-तुर्क संवादात दोघे परस्परांच्या आचारांतील विसंगती दाखवितात आणि अखेरीस त्यांचा समेट होतो.

भारुडातील सोंग हे सोंग आहे, हे सर्वांना ठाऊक असते. समाजातील प्रतिष्ठेची सोंगे मात्र सत्य म्हणून मिरविली जातात. हा भेद दाखविणे, हेच भारुडाचे सामर्थ्य होय.

तथापि एक बोचरा प्रश्न उरतो. एकनाथांच्या ‘जोहार’ भारुडांतील महार जनांस परमार्थाचा उपदेश करतो. तो माना डोलावून ऐकणाऱ्या समाजाने खऱ्या महारास मात्र शतकानुशतके वेशीबाहेरच ठेविले. ऐकणारा बदलला नाही, तर ते ऐकणेही आणखी एक सोंगच ठरते. ग्रंथालयातील एकनाथांची गाथा उघडताना प्रत्येक वाचकाने हा प्रश्न प्रथम स्वतःस विचारावा.