हवेतल्या लहरी आणि आपली सही

(मंचाच्या अल-खोबर इथल्या बैठकीतील भाषण)



पुरोगामी मंचावर रेडिओ मॉड्यूल आणि त्याच्या मंजुऱ्यांचं काय काम, असं काहींना वाटलं असेल. पण आपल्यातले बरेच जण इलेक्ट्रॉनिक्स, तेल-वायू किंवा आयटीत आहेत आणि कधी ना कधी अशा कागदांवर सही करतात. त्या सहीचा अर्थ काय, एवढंच मला आज मांडायचं आहे.

वायफाय, ब्लूटूथ किंवा लोराचं तयार मॉड्यूल आता टपालाच्या तिकिटाएवढं मिळतं. त्यावर अमेरिकेच्या एफसीसीचा क्रमांक असतो. मग उत्पादक म्हणतो, 'मॉड्यूल मंजूर, म्हणजे माझं यंत्रही मंजूर.' गफलत होते ती इथे. ती मंजुरी अटींसह असते. अँटेना त्याच प्रकारचा आणि तेवढ्याच किंवा कमी गेनचा हवा. बहुतेक मॉड्यूल शरीरापासून किमान २० सेंटिमीटर दूर राहील असं धरून मंजूर होतं. तेच मनगटावरच्या पट्ट्यात बसवलं, तर शरीरात किती ऊर्जा शोषली जाते याचा विचार नव्याने करावा लागतो. शिवाय भोवतालचा प्रोसेसर आणि पॉवर सप्लाय जो विद्युत गोंगाट करतात, त्याची जबाबदारी मॉड्यूलवाल्याची नसते. युरोपात १३ जून २०१६ पासून लागू असलेला रेडिओ उपकरण निर्देश तर अंतिम उत्पादन बनवणाऱ्यालाच जबाबदार धरतो.

देश बदलला की प्रश्न आणखी वाढतात. समजा, भोसरीतल्या एका लघुउद्योजकाने शेतातला पंप दुरून चालवायचं यंत्र केलं आणि त्यात ९१५ मेगाहर्ट्झचं अमेरिकन मॉड्यूल बसवलं. अमेरिकेत ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा उपकरणांना खुला आहे. पण भारतात आणि इथे सौदीतही ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे यंत्र उत्तम चालेल, पण दुसऱ्यांच्या संभाषणावर पाय देऊन. भारताने यासाठी २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला आणि २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. सौदीत संचार, अवकाश आणि तंत्रज्ञान आयोगाची, म्हणजे २०२२ पर्यंतच्या सीआयटीसीची, मंजुरी वेगळी घ्यावी लागते. एफसीसीचा क्रमांक इथे परवाना ठरत नाही. मात्र नियम म्हणजे निव्वळ मनाई, असंही नाही. याच आयोगाने २०२१ मध्ये ६ गिगाहर्ट्झचा १२०० मेगाहर्ट्झ रुंदीचा संपूर्ण पट्टा परवानामुक्त वापरासाठी खुला केला.

'छोट्याशा यंत्राने काय बिघडतं?' असं नेहमी विचारलं जातं. २००९ मध्ये पोर्तो रिकोत सान हुआन इथे ५ गिगाहर्ट्झच्या वायरलेस उपकरणांमुळे विमानतळासाठीच्या हवामान रडारमध्ये व्यत्यय येत असल्याचं आढळलं. विमान उतरताना वाऱ्याच्या धोकादायक झोतांची सूचना देणारं ते रडार. व्यत्यय आणणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते. फटका भलत्यालाच बसतो.

म्हणूनच हा विषय आपला आहे. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर जनहितासाठी सार्वजनिक यंत्रणेने नियंत्रित केला पाहिजे. त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. गावच्या विहिरीसारखंच हे आहे. पाणी सर्वांचं, म्हणून ते गढूळ न करण्याची जबाबदारीही सर्वांची.

एक आक्षेप मात्र खरा आहे. चाचण्यांचा खर्च मोठ्या कंपनीला जाणवत नाही, लघुउद्योजकाचं कंबरडं मोडतं. त्यावर उपाय नियम सैल करणं हा नाही. सरकारी प्रयोगशाळांमधल्या चाचण्या परवडणाऱ्या दरात आणि वेळेत व्हाव्यात, ही मागणी आपण केली पाहिजे. भारतात काही परवानामुक्त उपकरणांना आता उत्पादकाच्या स्वयंघोषणेवर मंजुरी मिळते. सरकारने तिथे विश्वास टाकला आहे, त्यामुळे सहीचं वजन वाढलं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कागद समोर आला की विचारा: अँटेना कोणता, माणसापासून अंतर किती, आणि माल कोणत्या देशात जाणार? उत्तर मिळेपर्यंत पेन खिशातच राहू द्या. वरिष्ठ घाई करतील, तरीही. परक्या देशात, नोकरीवर व्हिसा अवलंबून असताना हे सोपं नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून अशा वेळी एकट्याने झुंजू नका. आपल्यात या क्षेत्रातले अनेक जण आहेत, त्यांना विचारा.