वाकलेला कणा आणि श्रमाचा श्वास



आरोग्यावर चार शब्द बोलावेत, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही काही वैद्य नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकून जन्मभर हाती खडू धरलेले शिक्षक. तेव्हा जाणत्यांकडून जे समजून घेतले, ते गणिताच्या रीतीने आपणांपुढे मांडतो.

पाठीचा कणा बाजूस फार वाकला, म्हणजे बरगड्यांचा पिंजरा पिळवटून ताठर होतो. अमेरिकेतील डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ साली हा बाक अंशांत मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. तो शंभर अंशांपलीकडे गेला, की श्वसनास धोका संभवतो. बालपणीच बाक आला असेल किंवा पोलिओने स्नायू दुबळे केले असतील, तर तो धोका वाढतो.

आता हिशेब पाहा. निरोगी प्रौढ मनुष्य स्वस्थ बसला असता एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा घेतो. पैकी सुमारे १५० वाटेतच राहते. ३५० उपयोगी पडते. ताठर छातीत श्वास २५० चाच झाला व वाटखर्च तितकाच धरला, तर हाती १०० उरतात! जिना चढताना निरोगी मनुष्य श्वास खोल करतो. ह्याला ते साधत नाही. तो भराभर श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासागणिक वाटखर्च भरीत राहतो.

येथे श्वसनयंत्र साह्यास येते. नाकावर मुखवटा बसवितात. श्वास घेताना यंत्र दाबाने हवा आत लोटते, सोडताना दाब उतरतो. अशा रोग्यांस रात्री झोपेत ते लावण्याची पद्धत आता रूढ आहे. चालताना वा सायकलचा व्यायाम करतानाही ते लावून पाहिले गेले असून, कित्येकांस त्यामुळे अधिक वेळ श्रम करता आले. सर्वांस सारखा लाभ होत नाही, आणि यंत्राचे ओझेही असते. म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच हे करावे. नुसता प्राणवायू तर आपल्या मनाने मुळीच लावू नये. त्याने रक्तात कर्बवायू साचण्याचे भय असते.

आता घरची गोष्ट. कवायतीच्या तासाला असे मूल इतरांच्या वहाणा राखीत बसलेले आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. "त्याला दगदग नको," असे आईबाप मायेने म्हणत. परंतु बसून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात आणि थोड्या श्रमानेही धाप लागते. मुलगी असेल, तर बहिणींच्या सोयरिकी अडतील म्हणून तिला माजघरातच ठेवतात. ह्यास जपणे म्हणावे काय?

सकाळी डोके दुखणे, दिवसा झापड येणे, पावलांस सूज येणे, अशी लक्षणे दिसताच छातीच्या डॉक्टरांकडे जावे. आणि मंडळास आमची विनंती, की विद्यार्थी-साहाय्याबरोबर अशा यंत्रासाठीही निधीतून काही रक्कम राखून ठेवावी. घरात दडविलेले मूल ज्ञातीच्या मेळाव्यात आपल्या पायांनी चालत यावे, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.