काडीमोड, घटस्फोट आणि मुलांचा ताबा
(ज्ञातिसभेच्या वार्षिक मेळाव्यात महिला-शाखेतर्फे झालेले भाषण)



मेळाव्यात हा विषय काढावा की नाही, याविषयी आम्हां महिला-शाखेच्या सभासदांत बराच खल झाला. आनंदाच्या प्रसंगी अमंगल कशाला, असे काही वडीलधाऱ्या भगिनींचे म्हणणे पडले. परंतु ज्या घरावर हा प्रसंग ओढवतो तेथील मंडळी वकिलाच्या आधी आपल्या पंचांकडे येतात. म्हणून तो येथेच बोलला पाहिजे.

काडीमोडीची चाल आपल्याकडे जुनी. चारचौघे बसतात, मुद्रांक-कागदावर फारकत लिहिली जाते, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, नोटरीचा शिक्का बसतो आणि सर्वांस सुटल्यासारखे वाटते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने रूढीप्रमाणे होणारा घटस्फोट कलम २९ मध्ये राखून ठेवला आहे, हे खरे. पण ती रूढी प्राचीन व अखंड आहे, हे पुराव्याने सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. आणि विवाह मोडण्याचा वा स्त्रीस पुनर्विवाहाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार न्यायालय मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ सालीच ठरविले आहे!

अशा कागदाच्या भरवशावर मुलीचे दुसरे लग्न लावले जाते. पुढे बेबनाव झाला, किंवा नवरा वारला व निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला, की सासरचे लोक तोच कागद पुढे करतात : हिचा पहिला विवाह कायम होता, तेव्हा ही आमच्या घरची लग्नाची बायको नव्हेच. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने, पहिल्या पतीपासून केवळ करारपत्राने विभक्त झालेल्या एका स्त्रीस दुसऱ्या पतीकडून पोटगी देवविली. निकाल स्वागतार्ह खरा. पण त्यासाठी त्या बाईस दिल्लीपर्यंत झगडावे लागले. उभयतांची संमती असेल तर १९७६ पासून परस्परसंमतीच्या घटस्फोटाची वाट कायद्याने मोकळी आहे. मग पंचांनी तडजोड जरूर घडवावी, पण ती न्यायालयात नोंदवावी.

संमती नसेल तर मार्ग लांबचा. पत्नीस आपण राहतो तेथील न्यायालयातच अर्ज करता येतो, ही सोय २००३ पासून झाली आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो साठ दिवसांत निकालात काढावा, असे कायदा म्हणतो. ‘शक्यतो’ या शब्दात किती तारखा मावतात, हे ज्यांनी त्या घेतल्या त्यांनाच ठाऊक. त्यातून नवऱ्याचे दुकान असले की मिळकत एकाएकी आटते. यावर २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने उभयतांनी मालमत्तेचे व उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे व पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, असे ठरवून दिले. तरीही पासबुक, विम्याचे कागद, सातबारा, दागिन्यांच्या पावत्या यांच्या नकला पत्नीजवळ असल्या तर खोटे प्रतिज्ञापत्र टिकत नाही. घर सोडल्यावर त्या मिळत नाहीत.

मुलांविषयी तर फारच गैरसमज आहेत. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईकडे असावे, असे १९५६ चा पालकत्वाचा कायदा सांगतो. मोठ्या मुलाच्या बाबतीतही न्यायालय त्याचे हितच पाहते. आईची मिळकत कमी एवढ्यावरून ताबा नाकारला जात नाही. खर्चाचा भार पित्यावर टाकता येतो. खरी अडचण वेगळीच. बाई रागाच्या भरात एकटी माहेरी येते, ‘मूल त्यांचे, त्यांनी सांभाळावे’ असे माहेरचेच सांगतात, आणि वर्षभराने अर्ज करावा तो पलीकडून उत्तर येते की, मूल आता येथे रुळले, त्याची शाळा येथे, त्याला हलवू नये. तेव्हा माहेरच्यांनी त्या पहिल्या आठवड्यातच नातवंडाची चौकशी करावी. वकिलाच्या खर्चाला भिऊ नये. स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या कायद्याने मोफत विधिसाहाय्य मिळते, आणि तालुक्याच्या न्यायालयातही त्याची समिती असते.

आता कार्यकारिणीस आमची विनंती. सभेच्या वधूवर-नोंदवहीत घटस्फोटितांची नावे केवळ फारकतीचा कागद पाहून घेतली जातात. यापुढे न्यायालयाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत घ्यावी, अपिलाची मुदत उलटली आहे की नाही तेही पाहावे, आणि ज्यांच्याजवळ हुकूमनामा नाही त्यांना परत न पाठविता आमच्या शाखेकडे पाठवावे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही सभागृहात बसू.