घरातील शिल्लक आणि देशाची वाढ

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



उपासकदशांग सूत्रात वाणिज्यग्रामच्या आनंद श्रावकाची कथा आहे. त्याच्या धनाचे तीन समान भाग होते : चार कोटी सुवर्णमुद्रा निधानात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात, गोधन वेगळे. भगवान महावीरांसमोर व्रत घेताना त्याने याच मर्यादेत राहण्याचा संकल्प केला. आपण ही कथा अपरिग्रहासाठी सांगतो, ते योग्यच. परंतु राखीव शिल्लक, भांडवल आणि उपभोग ही तीन खाती राष्ट्राच्या हिशेबातही असतातच.

देशाच्या सकल उत्पादनात कुटुंबांच्या खर्चाचा वाटा ६० टक्क्यांच्या आसपास आहे. यवतमाळच्या व्यापाऱ्याला हे आकड्यांवाचून कळते. कापसाला भाव मिळाला नाही, की वणी, दिग्रस, पांढरकवड्याच्या दुकानांत गिऱ्हाईक दिसत नाही; उधारीच्या वह्या तेवढ्या भरतात. सर्वांनीच एकदम हात आखडला तर सर्वांचेच उत्पन्न घटते, हे केन्स यांनी १९३६ साली सांगितले.

तरीही भांडवल येते ते बचतीतूनच. बँकेतील ठेवीतून जिनिंगला कर्ज मिळते. तिजोरीतील सोने मात्र निजून राहते. शिवाय देशाला लागणारे बहुतेक सोने आयात होते. अडचणीत हेच सोने गहाण ठेवून अनेकांची पेरणी झाली, हेही खरे.

रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीनुसार कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत २०२०-२१ मध्ये सकल उत्पादनाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांच्या आसपास आली. पहिले वर्ष टाळेबंदीचे, म्हणून तो आकडा फुगलेला. पण कर्जेही वाढली आहेत. घरासाठी काढलेले कर्ज मालमत्ता उभी करते. विवाहासाठी काढलेले कर्ज मंडपाबरोबर उतरत नाही. आपल्या समाजात एका संपन्न घराचा थाट पाहून मध्यम स्थितीतील चार घरे कर्जात जातात, हे येथे स्पष्टच बोलले पाहिजे.

माझी विश्वस्तांना विनंती आहे, की विवाहातील पदार्थांची संख्या ठरवून द्यावी आणि वाचलेल्या रकमेचा काही अंश विद्यार्थ्यांच्या बिनव्याजी कर्जनिधीत घ्यावा. केटरिंगवाल्यांचे काय, असे कोणी विचारील. ती रक्कम फी, पुस्तके, खोलीभाडे यांतून बाजारातच जाईल. पुढे परत येऊन दुसऱ्या विद्यार्थ्याला मिळेल. येत्या पर्युषणात हा निधी सुरू करता येईल.